स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नाहीत

आई बुधवार बाजारात बसायची तेव्हा
गिऱ्हाइकाचं तोंड नंतर पाहायची, चपला आधी.
टाच एका बाजूनं झिजलेली दिसली की हळूच म्हणायची,
हा पायी येते, म्हणजे इथलाच आहे,
याले उधार देऊन पाहू.

माझ्याकडे येतात ते बिनपायाचे.
एक गुलाबाचं फूल येतं,
एक गणपती, एक कुणाचं तरी बाळ,
आणि रात्री साडेअकराला विचारतं,
ताई, लास्ट प्राईस?

पाव किलो सावजी मसाला, एकशे साठ रुपये.
मिरची भिवापूरची, कळमन्यात पोतं उघडून घेतलेली,
दगडफुलातला कचरा मीच निवडते,
गोळीबार चौकातल्या चक्कीसमोर उभी राहते दळण होईपर्यंत.
हे सगळं लिहिलं तर गणपती म्हणतो,
ते ठीक आहे, शंभरला द्या.

पहिल्याच आठवड्यात गुलाबानं दोन किलो मागितला.
लग्नाचं जेवण आहे, अर्जंट.
स्क्रीनशॉट आला: हिरवं वर्तुळ, त्यात बरोबरची खूण,
वनिता हेडाऊ, बाराशे ऐंशी रुपये.
मी नाव पाहून खूश झाले, स्वतःचंच नाव.
संध्याकाळी नवऱ्यानं चहात खारी बुडवत विचारलं,
जूनले एकतीस तारीख कधीपासून आली?

मग एक फौजी. पाच रुपये पाठवतो म्हणाला,
आलेत का ते पाहायला फक्त पिन टाका.
शेजारचा हर्षल क्रिकेट सोडून धावत आला,
काकू! पैसे घ्यायले पिन लागत नाही!
तेवढं वाक्य मी पिठाच्या डब्यावर खडूनं लिहून ठेवलं.
पुसलं जातं, पुन्हा लिहिते.

घरपोच पैसे देतो म्हणणाऱ्याचं पार्सल
एकोणीस दिवसांनी परत आलं, ग्राहक घरी नाही.
पट्टी कापून पुन्हा चिकटवलेली.
वजन केलं: एकशे सत्तर ग्रॅम.
ऐंशी ग्रॅम कुणी खाल्ला देव जाणे.
ज्यानं खाल्ला तो रात्रभर पाणी पीत बसला असेल,
एवढंच काय ते समाधान.

पुण्याच्या बाईंनी लिहिलं, तिखट आहे. पैसे परत करा.
मी लिहिलं, मॅडम, सावजी आहे.
हो, पण तिखट आहे.
चार वेळा टाइप केलं, चार वेळा खोडलं.
त्यातलं तिसरं फार चांगलं जमलं होतं.
एकशे साठ परत पाठवले.
तासाभरानं उत्तर आलं, चव मात्र छान होती हं.

काल रात्री एक जण आला, फोटोच नव्हता त्याचा,
नुसतं राखाडी वर्तुळ.
ताई, तीन किलो पाहिजे, पैसे आधीच देतो.
पण मागच्या महिन्यात एकीनं पैसे घेतले
आणि नंबरच बंद केला.
तुमचं खरं कशावरून?

राग आला. बोट उचललं उत्तर द्यायला,
तर वर माझा फोटो दिसला:
एक लाल मिरची.
तीही माझी नाही, कुठूनशी उतरवलेली.

सकाळी हर्षलला चक्कीवर नेलं.
कपाळावर तिखट, डोळे सुजलेले, केस रुमालात.
काकू, हसा नं.
म्हटलं, हसणं राहू दे,
पायापर्यंत येऊ दे फोटोत.
चक्कीवाल्याला कळेना, बाई चपलांचा फोटो काहून काढून राहिली.

तो फोटो गेला. दोन निळ्या खुणा झाल्या.
मग त्याच्याकडून स्क्रीनशॉट आला,
हिरवं वर्तुळ, माझं नाव, तारीखही खरी.
मी लिहिलं, दादा, थांबा.
बँकेचा मेसेज येऊ द्या.

आता तो टायपिंग करतोय, थांबतोय, पुन्हा करतोय.
मी तीन किलो मोजून ठेवलाय.
पिशवीचं तोंड अजून शिवलेलं नाही.