उजवा कान

धनाजी माझ्याहून अकरा मिनिटांनी मोठा.
तेवढ्या भांडवलावर आयुष्यभर दादा म्हणवून घेतलं.
सव्वीस वर्षं स्वारगेट ते कात्रज, कात्रज ते स्वारगेट,
ड्रायव्हरची खिडकी उघडी,
कोपर बाहेर, उजवा कान उन्हात.
डावा हात अजून आईसारखा गव्हाळ,
उजवा डांबरासारखा.
मांडीवर ठेवले की दोन वेगळ्या माणसांचे वाटतात.

कानाच्या पाळीवर मसुराएवढं काहीतरी आलं.
न्हाव्याचा वस्तरा लागला, म्हणाला.
वर्षभर तेच म्हणाला.
वहिनी हळद लावायची,
खपली धरायची, पडायची,
पुन्हा धरायची.

कॅम्पातल्या दस्तूर डॉक्टरीणबाईंनी
केसपेपरच्या पाठीवर दोन माणसं काढली,
एक बाप्या, एक बाई,
दोघांनाही तोंड नाही.
बाप्याच्या कानावर, मानेवर, टकलावर, पाठीवर
पेनाची टिंबं.
बाईच्या पोटरीवर दोन.
म्हणाल्या, आपल्याकडे हा तसा कमीच दिसतो,
पण लोक उशिरा येतात.
पुरुष तर फारच उशिरा.
धनाजी पंख्याकडे बघत होता.

मी विचारलं, ऊन तर एकच होतं ना?
आम्ही जुळी.
मे महिन्यात हा शाळेच्या मैदानावर उघडाबंब,
मी गच्चीत, कुरडयांवरचे कावळे हाकत,
अकरा ते चार.
कुरडयांवर आईचं जुनं पातळ होतं.
माझ्यावर काही नव्हतं.

उंदरांवर करून पाहिलंय, त्या म्हणाल्या.
सारखं ऊन, मोजून, मादीला तेवढंच नराला.
तरी गाठी नराला आधी, आणि जास्त.
त्याच्या कातडीत आतली आग विझवणारं काही
कमी पडतं म्हणे.
का, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही.
मग पेनाचं टोपण लावत म्हणाल्या,
माणसांचं मात्र नुसतं कातडीवर जात नाही.
सवयी असतात.

सवयी.
सोळाव्या वर्षी आईनं माझ्या तोंडाला ओढणी गुंडाळली.
काळी पडशील, मग कोण पत्करील?
पुढे लुना आली, भोसरीचा कारखाना आला,
स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे, उघडे फक्त डोळे.
सिग्नलला सख्खा मामा शेजारी थांबला तरी ओळखायचा नाही
(त्याचा एक-दोनदा फायदाही घेतला,
तो विषय वेगळा).
त्या गाठीत कॅन्सरचं नावसुद्धा नव्हतं.
जिनं मला गुंडाळून ठेवलं, त्याच भीतीनं राखलं असेल,
तर तिचे आभार मानायचे कसे?
मला जमत नाही.
आणि ह्याला कुणी म्हणालंच नाही, काळा पडशील.
बाप्याला काय ऊन लागतं?
म्हणून तो मोकळा फिरला,
आणि मी त्याचा हेवा केला
तीसएक वर्षं.

नखाएवढा तुकडा काढला.
रिपोर्ट नवव्या दिवशी. खाली एक ओळ, कडा स्वच्छ.
रिक्षात मी ती तीनदा वाचली.
धनाजीनं विचारलं, कान कसा दिसतो?
म्हटलं, उंदरानं कुरतडल्यासारखा.
बऱ्याच दिवसांनी हसला.

रात्री दार लावून
मी पोटऱ्यांवर मोबाइलचा उजेड धरते.
कागदावरच्या बाईची ती दोन टिंबं
शोधते. तीळ मोजते, उद्या पुन्हा मोजायला.
स्कार्फ कधी तिथपर्यंत पोचला नव्हता.

सोमवारी तो ड्युटीवर निघाला.
खाकी टोपी कानापर्यंत येत नाही.
मी मागे उभी राहिले,
कपाळावरून घेतलं, कानाखालून, मानेमागे.
फुलाफुलांचा आहे गं, तो म्हणाला, कंडक्टर हसेल.
हसू दे.
गाठ मारताना तो शब्द दोघांच्याही मनात आला असावा,
कारण दोघंही गप्प झालो.
मग म्हणाला, सैल ठेव, कान ठणकतो.
आणि खिडकी मी उघडीच ठेवणार आहे.

मी काही बोलले नाही.
एक वेढा जास्त घेतला.