सूत गोड लागते

लाईट गेली आणि वॉटर बाथ थंड पडला.
बारापात्रे मॅडम म्हणाल्या, थांबायचं नाही,
परीक्षानळी काखेत धरा,
सदतीस अंश तुमच्याकडे आहेतच.
खिडकीबाहेर पाचपावलीचा पूल त्रेचाळीसवर तापलेला
आणि आत आम्ही अठ्ठावीस जण
एकेक हात अंगाशी गच्च दाबून
अंड्यावर बसल्यासारखे गप्प.

दुसरी नळी बर्फात.
बर्फ फाटकाजवळच्या गोळेवाल्याचा, कडेला गुलाबी सरबत लागलेला;
कुंजलने तो आधी चाटला, मग बीकरमध्ये टाकला.
तिसऱ्या नळीतली लाळ उकळून घेतलेली.

लाळ कोणाची, यावरच पाच मिनिटं गेली होती.
ओजस म्हणाला, शी.
घरी ज्याला उष्टं म्हणतात
ते इथे मोजून दोन मिलिलिटर हवं होतं.
शेवटी मीच चूळ भरली
(सकाळची तर्री अजून जिभेवर)
आणि मान वळवून नळीत थुंकले.

मग पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे थेंब.
पहिल्या मिनिटाला निळा-काळा.
दुसऱ्यालाही.
चौथ्याला जांभळट, मग तपकिरी,
सातव्याला नुसता आयोडीनचा पिवळा,
पिष्ट तिथे कधी नव्हतंच जणू.
उकळलेली नळी निळीच राहिली,
तिला आता काही सांगून उपयोग नाही.
बर्फातली अजून विचार करत होती.

जर्नलमध्ये लिहा, मॅडम म्हणाल्या:
विकर क्रिया घडवून आणतो,
स्वतः खर्ची पडत नाही.
दोन मार्कांचं वाक्य.
मी लिहिलं, आणि पेन तिथेच अडलं.

कारण पिष्ट म्हणजे खळ.
आणि खळ म्हणजे आमचं घर,
गोळीबार चौकामागच्या गल्लीत
ताण्यावर चोळलेली,
बाबांच्या नखांत वाळून पांढरी झालेली.
ताण्याचा धागा तुटला की बाबा
टोक जिभेला लावतात,
दोन बोटांत पीळ देतात,
फणीतून पुन्हा ओढून घेतात.
दिवसातून साठदा, सत्तरदा.
"सूत गोड लागते वं," म्हणायचे,
आणि आई म्हणायची, भूक लागली तुम्हाले,
अन् आम्ही सगळे हसायचो.

एकोणतीस वर्षं.
किती खळीची साखर झाली असेल त्या जिभेवर
कुणाच्या चहात न पडता.
मी ते दोन मार्कांचं वाक्य
बाबांच्या पाठीला लावून पाहिलं,
मग डोळ्यांना.
बसेना.

मॅडम, तो कायम तसाच राहतो का?
त्या डस्टर झटकत होत्या.
नाही गं, तोही झिजतो, शरीर नवा नवा बनवत राहतं.
ते सिलॅबसमध्ये नाही.

संध्याकाळी धोटा मध्येच थांबला,
मी म्हटलं, बाबा, द्या इकडे.
टोक जिभेवर ठेवलं.
कापूस. थोडी धूळ. बाकी काहीच नाही.
"लगेच कुठं लागते," बाबा म्हणाले,
चष्मा कपाळावर सरकवत,
"थांब थोडी."

मी तोंडात धागा धरून
भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले.
एक मिनिट.
दुसरं.