बत्तीस-ब

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
पत्र्याच्या गाळ्यात मध्यरात्रीपर्यंत
जस्ताच्या प्लेटवर एक डोकं खोदत होतो.
शेजारचे तरे, स्प्रिंगा बनवतात,
शटर ओढताना म्हणाले, "अजून तेच? कवटीच?"
हो, तेच.

कवटी खरी. भाचीच्या अभ्यासाची.
ऊर्वी कळव्याच्या हॉस्पिटलात शिकते,
उशीच्या अभ्र्यात गुंडाळून रिक्षातून घेऊन आली,
"मामा, सोमवारी तोंडी आहे. रविवारी परत हवी."
कपाळावर लाल शाईत आकडा: बत्तीस-ब.
टाळूचं झाकण सुटं, पितळी आकड्यांवर बसणारं.

झाकण उचललं की आत अंधार नसतो,
ट्यूबलाइट असते.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

हाडांच्या सांध्यावरची नागमोडी रेघ
भिंगाखाली उतरवताना वाटलं,
सटवाईचं अक्षर ते हेच.
पाचवीच्या रात्री घाईत ओढलेलं,
मोडी वाटावं आणि मोडी नसावं असं.
काय लिहिलं होतं तुझ्या कपाळी, बत्तीस-ब?
की बेवारस मरशील,
आणि मेल्यावर पोरं तुझ्यावर पास होतील?

मला मात्र मोठं काही करायचं होतं.
तीन फूट बाय दोन. नाव: कपाली.
भैरवाने ब्रह्मदेवाचं पाचवं डोकं नखाने खुडलं
आणि ते तळहाताला चिकटलं, सुटेना.
तसं माझं काम लोकांच्या डोळ्यांना चिकटावं,
पिढ्यान्‌पिढ्या सुटू नये,
एवढंच मागणं.
वय अठ्ठावन्न. मधुमेह. दोन प्रदर्शनं,
त्यातल्या एकाचं उद्घाटन, पाहुणे आलेच नाहीत म्हणून,
चहावाल्याने केलं.

शनिवारी येऊरच्या अंगाने तो आला.
पोट जड होतं, म्हणजे ती.
पतंग म्हणावा तर ताटलीएवढा,
पंखांच्या टोकांना नागाची फणी,
मध्ये चार खिडक्या, काचेसारख्या,
त्यांतून पलीकडचा पंखा फिरताना दिसे.
ह्यांना तोंड नसतं म्हणे.
आठवडाभराचं आयुष्य, त्यात एक घास नाही.
सुरवंट असताना जे पोटात गेलं
तेवढ्यावर एवढे पंख.

तिला बघता बघता आम्लातली प्लेट विसरलो.
वीस मिनिटांचं काम, दोन तास झाले.
दात गेले, जबडा गेला,
भैरवाचा हात मनगटापर्यंत विरघळला.
उरली सांध्याची रेघ,
बोट कापेल इतकी खोल.

सकाळी टाळूच्या झाकणात
साबुदाण्याएवढे तांबूस दाणे, ओळीने.
ती शटरपाशी पडलेली.
मुंग्यांनी एक पंख ओढायला घेतला होता,
शिडासारखा उभा धरून.
तरे म्हणाले, "झाडून टाका."
मी जुन्या एटीएम कार्डाने दाणे सोडवले,
गाळ्यामागच्या पेरूच्या पानांवर ठेवले.
दोन-चार फुटले. माझा हात कापतो आता.

मग उरलेल्या प्लेटवर सही करायला बसलो.
धातूवर अक्षर उलटं खोदावं लागतं,
तेव्हा कागदावर सुलटं उमटतं.
सटवाईचंही तसंच असेल,
आपण उगाच बाहेरून वाचत बसतो.
नावाऐवजी आकडा खोदला, उलटा.
शाई भरली. एकच छाप काढला.

संध्याकाळी ऊर्वीने कवटी अभ्र्यात भरण्याआधी
आतून बोट फिरवलं.
"मामा, हे चिकट काय आहे?"
"डिंक," म्हणालो.