डेअरीतला कॉम्प्युटर, कणकुंबी

पहाटे साडेपाचला शटर वर करते
तेव्हा पत्र्याला आतूनही दव असतं.
चोर्ल्याकडून चढलेलं धुकं
रात्रभर फटीतून आत येऊन बसलेलं,
बिलाच्या दिवशी बसतात तसं.

हात चोळायचे. बटण दाबायचं नाही.
ईराण्णानं बेळगावहून येऊन बजावलंय,
अर्धं कन्नडात, अर्धं आपल्यात:
थंडीला ह्यो भीत नाही, अक्का.
थंडी मानवते ह्याला.
वल बघ, वल. ती खाते.

म्हणून आधी सुती फडकं,
पडद्यावरून, मागच्या जाळीवरून,
वायरींच्या गुंत्यावरून.
मग टेबलाखालचा चाळीसचा बल्ब,
कोंबडीच्या पिलांना लावतात तसा,
डब्यापासून वीतभर लांब.
बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या पुड्या
काल तव्यावर परतून सुकवल्या;
सासू म्हणाली, फोडणी कधी देणार?

पहिल्या हिवाळ्यात हे ठाऊक नव्हतं.
आल्या आल्या बटण दाबलं,
एक टिचकी, केस जळल्याचा वास,
आणि अकरा दिवसांचं दूध गेलं
कुणाच्याच खात्यावर न जाता.
तेव्हापासून वहीपण ठेवते.

दूध मात्र गरम येतं.
किटलीच्या तोंडाशी वाफ,
वर वीस माणसांचे वीस श्वास.
गार लोखंडावर तीच ऊब
पाणी होऊन बसते.
म्हणून काटा दाराबाहेर,
आणि बोलायचं ते खिडकीतून.
मष्णूदादा बाहेरून ओरडतो,
माझ्या म्हशीला कांबळं नाही गा,
आणि ह्याला दिवा!

वीस मिनिटं.
मग पंखा घरघरतो,
म्हातारा खाकरून उठावा तसा.
पावती कन्नडात निघते,
मी मराठीत वाचून दाखवते.
फॅट दोन्हीकडे तेवढीच.

परवा मात्र घोळ झाला.
आतली नाण्याएवढी बॅटरी गारठली,
घड्याळ मागं पळालं,
पावतीवर एक जानेवारी दोन हजार दोन.
तीस-बत्तीस जणांनी न बघता खिशात घातली.
रुक्माव्वा तेवढी परत आली.
तिला कन्नड येतं, शाळेत शिकलेली.
चष्मा पुसला, परत वाचलं.
म्हणाली, त्या साली माझी तांबू होती गा,
सकाळी सहा लिटर द्यायची,
आणि तुझी ही डेअरी नव्हती.

नवी पावती काढून दिली.
जुनी मागितली,
तर तिनं ती चोळीत सारली
आणि किटली हलवत उतारानं निघाली.

रात्री वीज असेल तर आता बंद करत नाही.
चालू राहिला की आपल्यापुरता ऊबदार राहतो.
सकाळी मागच्या जाळीला हात लावते,
तिथं मांजराचे केस असतात.
तेवढे मात्र रोज काढावे लागतात.