उजवीकडे वळताना

नवी गाडी आली तेव्हा झुबिननं मला चावी दाखवली.
चावी कसली, काळा गुळगुळीत खडा.
"हात नका लावू, चेंदवणकर काका, नुसते जवळ या."
जवळ गेलो. दारात दडलेली मूठ
गोगलगाईच्या शिंगासारखी बाहेर आली.

रंग कैरीच्या सालीचा. जागा दोनच.
बसताना आधी बूड टेकायचं, मग पाय आत ओढायचे,
उतरताना विहिरीतून वर यावं तसं.

साडेतीन सेकंदांत शंभर, म्हणतो झुबिन.
गावदेवी ते केम्प्स कॉर्नर: अठरा मिनिटं.
मागे आठ सिलिंडर गुरगुरतायत,
पुढे शहाळ्यांची हातगाडी.

कोस्टल रोडला मात्र त्यानं एकदा सोडली तिला,
आणि खोटं कशाला बोलू,
एकोणसत्तराव्या वर्षी पोटात खड्डा पडून
मला हसू फुटलं.
अख्खा समुद्र एका फटक्यात पुसला गेला.
मग ऐंशीची पाटी, कॅमेरा,
गाडी पुन्हा शहाण्या मुलीसारखी.

चाळीस वर्षं या घरात स्टिअरिंग धरलं.
आता डावीकडे बसतो आणि सांगतो:
पुढे गतिरोधक. मोठा आहे, तिरकी घे.
बँकेसमोर मेट्रोवाल्यांनी पत्रा टाकलाय, हळू.
जमिनीपासून चार बोटं तिचं पोट.
स्क्रीनवर सगळं दिसतं,
टायरातली हवा, रोममधलं ऊन.
नाना चौकातला खड्डा दिसत नाही.
त्याचा पगार मला.

मॉरिस मागच्या गॅरेजात, चादरीखाली.
चोपन्न सालची, झुबिनच्या आजोबांची.
रविवारी तिला उठवतो.
चोक ओढ, थांब, अर्धा आत,
जालसेठनी शिकवलेली एक हलकी गुजराती शिवी,
की खोकून खोकून सुरू.
चढावर पहिल्या गिअरमध्ये पुटपुटत जाते,
काय म्हणते ते मला आणि तिलाच ठाऊक.

वळायचं असलं की तिच्या खांबातून
वीतभर नारिंगी हात बाहेर येतो, पोटात दिवा.
"बघ दत्ताराम," जालसेठ म्हणायचे,
"म्हातारीला उत्तर येते, हात वर करते!"
शेवटी शेवटी त्यांना दिसेना.
मागे बसून विचारायचे, निघाला हात?
निघाला, सेठ.
दोनदा निघाला नव्हता.

परवा झुबिन खाली आला, नाइट पँटवरच.
त्याच्या गाडीत काहीतरी अपडेट चाललं होतं,
सकाळपासून हलायला तयार नाही.
"मी बसू का हिच्यात?"
बसला. बराच वेळ पट्टा शोधत होता.
नाहीये रे, म्हटलं, धरून बस.

बाबुलनाथच्या सिग्नलला उजवीकडे वळायचं.
खटका दाबला. हात निघेना.
खांबाला आतून एक गुद्दा दिला.
अर्धा निघाला, तिथंच अडकला, थरथरत.
मागे डिलिव्हरीवाला पोरगा,
त्याला काय कळणार त्या नारिंगी काडीचं,
हॉर्नवर हॉर्न.

"काका," झुबिननं मान वाकडी करून विचारलं,
"निघाला का हात?"

मी हँडल फिरवून काच खाली केली, पाच फेरे,
आणि माझा बाहेर काढला.