हजिऱ्याच्या शाळेत

शनिवारी रोबो घेऊन गेलो
हजिऱ्याच्या शाळेत, बंद गिरणीमागे.
फळ्यावर मी लिहिलं: सेन्सर, मोटर, घर्षण.
पोरांचे डोळे खोक्यावर.

सोडला. दोन वीत गेला,
मग ग्वाल्हेरी दगडाच्या गुळगुळीत फरशीवर
चाकं जागच्या जागी फिरत राहिली.
श्रीहर्ष लॅपटॉपात डोकं घालून बसला.
मी बॅटरी काढली, घातली,
पुन्हा काढली.

मागून रुख्सार उठली.
वेणीचं रबर काढून चाकावर चढवलं,
दुसऱ्या चाकासाठी
शेजारणीची वेणी सोडली.
‘फिसल रहा था, भैया.’

रोबो थेट भिंतीला जाऊन धडकला.
केवढा गलका!
फळ्यावरचं घर्षण तेवढं मी पुसलं नाही.

घरी खोकं उघडलं तर
चाकांवर दोन रबरं, एक लाल, एक काळं,
काळ्याला गुंतलेला लांब केस.

परत द्यायला जायला हवं.