ठिगळ

डबा उघडला तर आत सत्तावन्न तुकडे आणि एक खोटं:
झाकणावरच्या चित्रातलं विमान पाणी उडवत उठतंय,
आतलं प्लास्टिक कधीच उठलं नसतं.
पंख पावाच्या कापासारखे जाड,
फ्लोटांवर रिव्हेटांचा पत्ता नाही,
वैमानिकाच्या जागी नुसतं भोक.
पहिल्याच संध्याकाळी मी अर्धं विमान फेकून दिलं.

नोव्हेंबर संपत आलेला. सेन्या बेटाच्या आमच्या बाजूला
सूर्य आता जानेवारीतच.
फेरीबोटीच्या इंजिनखोलीत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला
अंधाराचं काही वाटत नाही,
फक्त हात रिकामे नकोत.

टोमॅटोतल्या बांगड्याचा डबा खाऊन झाल्यावर धुतला,
झाकण कापलं, त्यातून तीन खुर्च्या निघाल्या,
तिन्ही एका नखावर मावणाऱ्या.
प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर धरून ताणली
की केसाहून बारीक तार निघते. तेव्हा श्वास रोखायचा,
नाहीतर ती आपल्याच फुंकरीनं निघून जाते.
जुन्या टेलिफोनमधलं तांबं चौदा सिलिंडरांना पुरलं.
वरच्या आणि खालच्या पंखांमधल्या ताणांना
साल्मनच्या गळाची सगळ्यांत बारीक दोरी.

शेजारची राग्नफ्रिड रोज चारला कॉफीला येते.
वय एक्क्याण्णव. भिंगातून बघते, बोलत नाही.
एका दुपारी म्हणाली,
"डाव्या पंखाला ठिगळ होतं."

कुठल्याच आराखड्यात नाही.
माझ्याकडे चार फोटो, चारही उजव्या बाजूचे.
"फोटो काढणारा त्या रात्री नव्हता. मी होते."
आठ वर्षांची, धक्क्यावर.
रात्र म्हणजे जूनमधली, लख्ख उजेडाची.
कापडी पंखाला मुठीएवढं भोक.
वडील नावेतून पेट्रोलचे डबे नेत होते
आणि आई विमान शिवत होती:
स्वयंपाकघरातला टेबलक्लॉथ, निळ्या चौकड्यांचा,
वरून होडीचं वार्निश.
पाचाच्या सुमाराला ते डोंगराआड गेलं.
पुढचं ना तिला ठाऊक, ना मला.

हल्ली मी सगळ्यालाच अठ्ठेचाळीसनं भागतो:
उंबरठा, कॉफीचा कप, राग्नफ्रिडची काठी.
नांगराच्या दोरासाठी तिनं
आपल्या हातमोज्याची लोकर उसवून दिली.
म्हटलं, या मापात ती मनगटाएवढी जाड होईल.
"मग होऊ दे."
झाली नाही. पण घेतली. खिशात आहे.

ठिगळ गव्हाच्या दाण्याहून लहान.
तीन केसांचा ब्रश,
पंधरा रेघा उभ्या, पंधरा आडव्या,
बारा दिवस, एकही रेघ हललेली नाही.
राग्नफ्रिडनं पाहिलं, भिंग खाली ठेवलं.
"हे दुकानातलं आहे.
आईचं वाकडं होतं.
उजेड होता, गावात तिच्यासारखी शिवणारी नव्हती,
तरी वाकडं."

खरवडलं. पुन्हा रंगवलं.
मुद्दाम वाकडं काढणं सरळ काढण्याहून कठीण,
हात लबाड असतो,
जरा नजर हटली की सुतात येतो.
पाचव्या खेपेला ती काही बोलली नाही.
तिची कॉफी गार झाली, मी दुसरी ओतली,
तीही झाली.

मार्चमध्ये ट्रोम्सोला स्पर्धा.
परीक्षकाच्या कार्डावर सुबक अक्षर:
ताण उत्तम. इंजिन उत्तम.
डाव्या पंखावरच्या ठिगळाची नोंद कुठे आढळत नाही.
शिवाय ते वाकडं आहे.
दोन गुण कमी.

परत आल्यावर तिला वाचून दाखवलं.
"शेवटचं पुन्हा वाच."
वाचलं.
मग ती हसायला लागली, खोकला येईपर्यंत.
विमान दिसेनासं झाल्यावर
आई म्हणे धक्क्यावर तशीच उभी होती,
बोटं वार्निशनं चिकटलेली,
आणि शेजारणींच्या देखत, जराशी ओशाळून,
तेवढंच म्हणाली होती:
वाकडं शिवलं गेलं.